धंद्याचे शील

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात "तरुणांनी धंद्यात कसे शिरावे" या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी व्यापारी नव्हे. माझे सारे आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. भांडवल कोठून आणावे, कर्जाचा अर्ज कसा भरावा, यंत्र कोणते घ्यावे, या गोष्टी माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे सांगितल्या आहेत. त्यांत भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मात्र या सर्व प्रश्नांच्या आधी येणारा एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. माणसाला जसे शील असते तसे धंद्यालाही असते. दुकानाची पाटी रंगविण्यापूर्वी त्या दुकानाचे शील कोणते असावे, हे मालकाने स्वतःशी ठरविले आहे काय? तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपण तेली समाजातील माणसे. आपला पिढीजात धंदा घाण्याचा. आपल्या या गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा-गोरेगावपासून सालेकसा-देवरीपर्यंत, धानाच्या बांधीत धान उभे असतानाच जवस आणि लाखोळी फेकण्याची पद्धत जुनी आहे. धान कापून नेल्यावर त्याच ओलीवर ते पीक येते. ते जवस आपल्या वाडवडिलांच्या घाण्यावर येई, आणि सबंध झाडीपट्टीचे कालवण व दिवाबत्ती त्यावर चाले. आपले तोंड सकाळी दिसले तर अपशकुन मानणारे लोकही त्या काळी होते. पण त्यांच्याच देवघरातील समई आपल्या तेलाने जळत होती. या अपमानाला आपल्या पूर्वजांनी उत्तर दिले ते भांडणाने नव्हे. त्यांनी तेल चोख दिले.

चोख म्हणजे काय, हे मी माझ्या आजोबांच्या घाण्यावर पाहिले. मी लहान होतो. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधलेली असे आणि तो दिवसभर फिरे. शेतकरी आपले जवस घेऊन येई, ते गाळून घेई आणि मजुरीपोटी ढेप किंवा थोडे तेल ठेवून जाई. आता या व्यवहारातील खोच पाहा. जवसाच्या दाण्यात सामान्यतः शेकडा ३५ ते ४५ भाग तेल असते. त्यातले बैलाच्या घाण्यातून किती निघेल, हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नसे. घाणा जरा लवकर थांबविला, तर तेल ढेपेतच राहते. आणि ढेप तर घाणेवाल्याची. म्हणजे चोरी करण्यासाठी हात हलविण्याचीही गरज नव्हती. उलट हात थोडा आधी थांबविणे पुरे होते. ही चोरी कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाली नसती.

आजोबांची रीत अशी होती. जवस आले की शेतकऱ्यासमोर मोजायचे. तेल निघाले की त्याच्यासमोर मोजायचे. शेवटी ढेपही त्याच्यासमोर मोजायची. घाण्यात शिंपडलेले पाणी आणि उखळाला चिकटून राहिलेले धरून तिन्ही मापांचा मेळ बसला पाहिजे. ढेप हातात दाबून तीही त्याच्या हाती द्यायची. "पाहा, यात आणखी काही राहिले असे वाटते काय?" असे विचारायचे. एखादा म्हणाला, "राहिले असेल," तर पुन्हा बैल जुंपायचा. मी एकदा विचारले, "आजोबा, ढेप आपलीच आहे, तर ती त्यांना का दाखवायची?" ते म्हणाले, "ढेप आपली आहे म्हणूनच."

मित्रांनो, या चार शब्दांत धंद्याच्या शीलाची सबंध व्याख्या आलेली आहे, असे मला आज वाटते. गिऱ्हाईक जेथे पाहते तेथे सर्वच दुकानदार सज्जन असतात. तराजूची दांडी समोर असते, भावाची पाटी समोर असते. गिऱ्हाईक जेथे पाहू शकत नाही आणि जेथे आपला लाभ आहे, त्या नेमक्या जागी आपण काय करतो, तेच आपल्या धंद्याचे शील. पाटीवरचे नाव, डब्यावरचे चित्र, उद्घाटनाचा नारळ ही सारी वेशभूषा होय.

आपल्या परंपरेत याची मोठी उदाहरणे आहेत. संत तुकाराम महाराज वाण्याचा आणि सावकारीचा व्यवसाय असलेल्या घरात जन्मले. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. परंपरा सांगते की, त्यानंतर लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खतपत्रे त्यांनी आपल्या धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. दुष्काळाने नाडलेल्या कुळाकडून वसुली करण्याचा हक्क त्यांना होता. तो हक्क त्यांनी सोडला. त्यांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, आपले संताजी जगनाडे महाराज. त्यांची चारशेवी जयंती ८ डिसेंबर २०२४ रोजी आपण साजरी केली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे काम त्यांनी केले. विनायक लक्ष्मण भावे यांनी तुकोबांचा गाथा छापला, तेव्हा त्यांनी संताजींच्याच वह्यांचा आधार घेतला. घाण्याच्या धंद्यातल्या माणसाने ठेवलेली वही जवळजवळ तीनशे वर्षांनी विश्वासार्ह ठरली, याचा आपणांस अभिमान आहे. पण मग आपल्या दुकानातील वही किती विश्वासार्ह आहे, हा प्रश्नही त्याच अभिमानातून आपल्याला विचारावा लागतो.

पुढे काळ पालटला. १९३४ साली महात्माजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत, म्हणजे आपल्या विदर्भातच, झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केली. बैलाला कमी ओढ आणि ढेपेत कमी तेल, असा तिचा हेतू होता. तिला लोक वर्धा घाणी म्हणत. पण गिरण्या आल्या, वनस्पती तूप आले, नंतर शुद्धीकरण केलेली तेले आली, आणि खेड्यातले घाणे एकामागून एक थांबले. घाण्याच्या उखळात पाऊस साचू लागला. आपली मुले शिकली, शिक्षक झाली, कारकून झाली. त्याबद्दल मला खेद नाही, मीही त्यांतलाच एक आहे.

आता गेल्या काही वर्षांत चाक पुन्हा फिरले आहे. विजेवर चालणारा लाकडी घाणा बसवून आपले तरुण तेल काढू लागले आहेत. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येते. अशा वेळी गावचे जवस गावात गाळले जाणे हे देशहिताचेही काम आहे. मला याचा मनःपूर्वक आनंद आहे. आणि याच आनंदाच्या भरात माझ्याकडून जी चूक झाली, ती आज आपणांपुढे सांगणे मला आवश्यक वाटते.

माझ्या एका विद्यार्थ्याने असा घाणा सुरू केला. त्याचे किंवा त्याच्या गावाचे नाव मी घेणार नाही. उद्घाटनाचा नारळ माझ्या हातून फुटला. डब्यावर संताजी महाराजांचे चित्र होते. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना सांगितले की, तेल घ्यायचे तर येथूनच घ्या. चार-सहा महिन्यांनी एक दिवस सहज मनात हिशेब आला. गणिताच्या शिक्षकाची खोड जात नाही. समजा, जवस ८० रुपये किलो आहे. एक किलो तेलाला साधारण तीन किलो जवस लागतो, म्हणजे २४० रुपये झाले. ढेप सुमारे दोन किलो निघते; तिचे ६० रुपये वजा केले, तर १८० उरले. त्यात वीज, मजुरी, जागेचे भाडे, बाटली आणि मालकाचे पोट. मग १५० रुपये किलोने शुद्ध तेल कसे विकता येईल? हा हिशेब मी मनात तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

मी त्याला एकांतात विचारले. तो खोटे बोलला नाही. म्हणाला, "गुरुजी, अर्धे कोंड्याचे तेल असते. तेही खायचेच तेल आहे, विष थोडेच आहे? सगळेच करतात."

कोंड्याचे तेल वाईट नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. आपल्या जिल्ह्यात भाताच्या गिरण्या आहेत. कोंड्यापासून तेल निघते आणि स्वतःच्या नावाने विकले तर तो प्रतिष्ठेचा धंदा आहे. पण जवसाच्या नावाने विकलेले कोंड्याचे तेल म्हणजे गुण असूनही खोटे तेल. दोन खाद्यतेलांचे मिश्रण विकण्यासही कायदा मनाई करीत नाही. त्यासाठी ॲगमार्कचे प्रमाणपत्र आणि वेष्टनावर स्पष्ट उल्लेख लागतो, इतकेच. म्हणजे त्याच्यापुढे दोन सरळ रस्ते होते. त्याने तिसरा धरला.

आणि मी काय केले? मी गप्प बसलो. एक-दोन दिवस नव्हे, चार महिने. तो आपल्यातला होता. तो समाजाच्या कार्यक्रमाला वर्गणी देत होता. लोकांना कळले तर समाजाची नाचक्की होईल, असे मी मनाला समजावीत होतो. ज्या शेजाऱ्यांना मी ते तेल घ्यायला सांगितले होते, ते घेतच होते, आणि मी त्यांच्याशी रोज बोलत होतो. शेवटी त्यांच्यापैकीच एका माउलीने विचारले, "गुरुजी, तुम्हाला ठाऊक होते काय?" तेव्हा मला मान वर करता आली नाही. ते दुकान पुढे बंद पडले. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, त्याच बाजारात आपल्याच समाजातील दुसरा एक तरुण खरोखरीच चोख तेल काढीत होता. त्याच्याकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहू लागले. संशय वेगवेगळी आडनावे वाचीत बसत नाही. समाजाची नाचक्की होऊ नये म्हणून मी बाळगलेल्या मौनानेच ती झाली.

आणखी एक कबुली देतो. अंकगणितात मिश्रणाची उदाहरणे असतात, ती आपण सर्वांनी सोडविली आहेत. १४० रुपये किलोचे तेल २६० रुपये किलोच्या तेलात कोणत्या प्रमाणात मिसळावे, म्हणजे मिश्रणाचा भाव २२० रुपये पडेल? उत्तर, एकास दोन. अशी उदाहरणे मी वर्षानुवर्षे शेकडो मुलांकडून करून घेतली आणि बरोबर उत्तराला पूर्ण गुण दिले. पण "हे मिश्रण विकताना गिऱ्हाइकाला काय सांगावे?" हा उपप्रश्न मी एकदाही विचारला नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याने मी शिकविलेलेच गणित केले होते. न शिकविलेला भाग त्याला आला नाही.

तेलातील भेसळ ही लहान गोष्ट आहे असे कोणास वाटत असेल, तर दोन घटना सांगतो. १९८१ साली स्पेन देशात कारखान्यांच्या उपयोगासाठी आणलेले मोहरीवर्गीय बियांचे तेल खाण्याचे म्हणून दारोदार विकले गेले. त्याच्या डब्यांवर चिठ्ठीही नव्हती. सुमारे २० हजार माणसे आजारी पडली आणि शेकडो दगावली. १९९८ साली आपल्या दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. सुमारे ३ हजार लोकांना बाधा झाली आणि साठांहून अधिक मेले. या दोन्ही ठिकाणी गरीब माणसाने स्वस्त तेल विश्वासाने घेतले होते. विश्वासाने घेतलेल्या वस्तूची चव कोणी तपासून पाहत नाही. म्हणूनच ती देणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. याउलट एक गोष्ट अभिमानाची. तुपात वनस्पती तूप मिसळले तर ओळखता यावे, म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचा नियम आपल्या देशात अनेक दशके होता. कारण तिळाचे तेल परीक्षेत रंग देते आणि भेसळ उघडी पाडते. आपल्या घाण्यातले तिळाचे तेल सरकारने साक्षीदार म्हणून उभे केले होते! साक्षीदार होण्याची ही योग्यता तेलाची आहे. ती आपली स्वतःचीही व्हावी.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे सारे ऐकायला ठीक. पण सचोटीने धंदा चालत नाही, स्पर्धा भारी आहे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे त्याला उपदेश करणे सोपे असते. म्हणून उपदेशाऐवजी हिशेबाच्याच चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, भाव ठरविताना शेजारच्या दुकानाकडे पाहण्यापूर्वी आपल्या बियाण्याकडे पाहावे. जो भाव शुद्ध मालाला परवडत नाही, तो भाव जाहीर केला त्याच दिवशी भेसळीचा निर्णय झालेला असतो. मिसळण्याची क्रिया नंतरची. थोडे विकावे, पण परवडणाऱ्या भावाने विकावे, आणि तो भाव तसा का आहे, याचा हिशेब पाटीवर लिहावा.

दुसरी गोष्ट, आजोबांची रीत पुन्हा चालू करावी. गिऱ्हाइकाने आपले जवस, तीळ, शेंगदाणे आणावेत, आपण समोर गाळून द्यावे आणि मजुरी घ्यावी. यात भांडवल कमी अडकते आणि भेसळीला जागाच राहत नाही. तीन मापे मात्र समोर झाली पाहिजेत.

तिसरी गोष्ट, मापाची भाषा स्वच्छ ठेवावी. एक लिटर तेलाचे वजन एक किलो नसते. ते ९१० ते ९२० ग्रॅमच्या आसपास भरते. लिटरचा भाव सांगून किलोचा भास निर्माण करणे ही कायद्याच्या कक्षेत बसणारी लबाडी असेल, पण ती लबाडीच आहे. दोन्ही आकडे ठळक लिहावेत.

चौथी गोष्ट, तेलाला औषध म्हणू नये. जवसाचे तेल गुणकारी खरे; पण त्याने मधुमेह जातो, हृदयरोग बरा होतो, असे सांगून विकणारा दुकानदार रोग्याच्या भीतीवर नफा काढतो. उलट जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून थोडे घ्या आणि ताजे घ्या, हे आपण होऊन सांगावे. गिऱ्हाइकाला आज कमी घ्यायला सांगणारा दुकानदार त्याच्या जन्मभर लक्षात राहतो.

या चार गोष्टी दुकान उघडण्यापूर्वी एका कागदावर लिहाव्यात आणि घरातल्या सर्वांना, विशेषतः आई आणि पत्नी यांना, वाचून दाखवाव्यात. आपल्या समाजात डोक्यावर तेलाचे भांडे घेऊन गावोगाव विकण्याचे कष्ट बहुधा स्त्रियांनीच केले आहेत. गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून त्याच्या डोळ्याला डोळा देणे त्यांना भाग होते. काय खपेल आणि काय खुपेल, हे त्यांना आपल्याहून अधिक कळते.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक विनंती करतो. दरवर्षी आपली स्मरणिका निघते, आणि तीत आपल्याच बांधवांच्या धंद्यांच्या जाहिराती असतात. त्या जाहिरातींवर स्मरणिकेचा खर्च भागतो, हे मी जाणतो. तरीही माझी सूचना अशी आहे की, ज्या जाहिरातीत "शुद्ध" हा शब्द असेल त्या बांधवाला आपण तीन आकडे विचारावेत : बियाणे किती घेतले, तेल किती निघाले, ढेप किती राहिली. जो आनंदाने सांगेल त्याची जाहिरात पहिल्या पानावर छापावी. जो सांगणार नाही त्याची वर्गणी आदराने परत करावी. आणि संताजी महाराजांचे चित्र डब्यावर लावण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच मनाशी म्हणावे की, हा डबा मी त्यांच्यासमोर फोडू शकेन काय. एखादे पान कोरे राहिले तरी चालेल. त्या कोऱ्या पानाचे मोल मला चार महिने गप्प बसल्यावर कळले.

माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल, तर वयाकडे पाहून क्षमा करावी.